बायकांच्या डॉक्टर रखमाबाई

सुरत आणि राजकोट ही आपल्याला परकी शहरे नाहीत. बडोद्याच्या बहुतेक मराठी घरांतले कोणी ना कोणी तिथे नोकरीला आहे, नाहीतर कोणाची लेक तिथे दिली आहे. पण याच दोन शहरांत मुंबईच्या एका मराठी बाईने डॉक्टर म्हणून जवळजवळ पस्तीस वर्षे काढली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. रखमाबाईंचे नाव निघाले की आठवतो तो खटला. खटला चार वर्षांत संपला, दवाखाना मात्र पस्तीस वर्षे चालला. म्हणून या लेखात खटला सांगायचा आहेच, पण त्याहून जास्त त्या दवाखान्याविषयी सांगायचे आहे. रोगी बाई आहे एवढ्याच कारणाने तिच्यापर्यंत औषध पोहोचत नव्हते, असा तो काळ होता.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. आई जयंतीबाई आणि वडील जनार्दन पांडुरंग. आईचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी मूल झाले आणि सतराव्या वर्षी ती विधवा झाली. घराणे सुतार समाजातले. त्या समाजात विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. त्याआधी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. ही मालमत्ता पुढे खटल्याचे एक कारण ठरली, असे त्या वेळीही बोलले जात होते.

सखाराम अर्जुन हे साधे गृहस्थ नव्हते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि मराठीतून वैद्यकावर पुस्तके लिहीत. १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. पण समाजाच्या रीतीपुढे त्यांनाही एकदा मान तुकवावी लागली. रखमाबाई अकरा वर्षांच्या असताना त्यांचे लग्न सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातल्या दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावून देण्यात आले. दादाजींनी सासरी राहून शिकावे, माणूस म्हणून उभे राहावे, असे ठरले होते.

काही महिन्यांतच रखमाबाई वयात आल्या. रीतीप्रमाणे आता गर्भाधान व्हायचे. इथे मात्र सखाराम अर्जुन अडून बसले. ते डॉक्टर होते. मुलगी वयात आली म्हणजे तिचे शरीर बाळंतपणाला तयार झाले असे नसते, हे त्यांना माहीत होते. कटीची हाडे पुरती वाढायला आणखी काही वर्षे लागतात. त्याआधी दिवस गेले तर मूल अडते, आणि मग आई किंवा बाळ, कधी दोघेही, जातात. सावत्र बापाने वैद्यकाच्या आधारावर दिलेला तो नकार नसता, तर पुढची रखमाबाई कदाचित झालीच नसती.

रखमाबाई आईकडेच राहिल्या. शाळा सुटली होती, पण मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरी वाचत. प्रार्थना समाज आणि आर्य महिला समाज यांच्याशी त्यांचा संबंध आला. दादाजींनी मात्र शिक्षण सोडले. ते मामाच्या घरी राहायला गेले, कर्जात बुडाले आणि क्षयाने आजारीही पडले. १८८४ साली त्यांनी पत्नीने नांदायला यावे म्हणून आधी वकिलाची नोटीस पाठविली आणि मग मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. तेव्हा रखमाबाई एकोणीस-वीस वर्षांच्या होत्या. आपल्या नकळत्या वयात झालेले लग्न मी मानीत नाही आणि या घरी नांदायला जाणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. ज्या बाईने कळत्या वयात संमतीच दिलेली नाही, तिला जबरदस्तीने पाठविण्याला हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही, आणि इंग्लंडातला असा कायदा इथे आणणे रास्त नाही, असे त्यांचे मत पडले. यावर देशभर गदारोळ झाला. त्याच वर्षी रखमाबाईंनी एक हिंदू स्त्री एवढ्याच सहीने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर पत्रे लिहिली होती. सखाराम अर्जुनही त्याच वर्षी वारले. ऐन लढाईत पाठीवरचा हात गेला.

अपील झाले, प्रकरण पुन्हा कोर्टापुढे आले. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास भोगावा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करतो असे कळविले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या लोकमान्यांमुळे आपण आज सार्वजनिक गणेशोत्सव करतो, ते या प्रकरणात रखमाबाईंच्या विरुद्ध बाजूला होते. आपल्या घरातल्या आणि धर्मातल्या गोष्टींत परक्या सरकारच्या कोर्टाने हात घालू नये, सुधारणा व्हायचीच तर ती आतून व्हावी, असा त्यांचा रोख होता. पारतंत्र्यातल्या माणसाला तसे वाटणे समजू शकते. पण हेही खरे की आतून सुधारणा होईपर्यंत थांबायचे कोणी, तर अकरा-बारा वर्षांच्या मुलींनी. लोकमान्यांविषयी आदर ठेवूनही रखमाबाईंची बाजू बरोबर होती असे म्हणता येते, आणि आज आपण तसे म्हणावे.

तुरुंगात जायची वेळ आली नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. विलायतेच्या राणीने लग्न मोडले अशी गोष्ट पुष्कळदा ऐकायला मिळते, पण मिटले ते प्रकरण पैशांनी. लग्न कायद्याने तसेच राहिले, कारण हिंदू स्त्रीला घटस्फोटाची वाटच नव्हती. दादाजींनी दुसरे लग्न केले. रखमाबाईंना तसे करता येणार नव्हते. त्या मग शिकायला निघाल्या.

त्यांनी वैद्यकच का निवडले, हे समजण्यासाठी त्या वेळची बाईची दुखणी पाहावी लागतात. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले, पण तिथे मुलींना प्रवेश मिळायला १८८३ साल उजाडले. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत तयार झालेले सगळे डॉक्टर पुरुष. घरंदाज बाई परपुरुषाला अंगाला हात लावू देत नसे. फार झाले तर पडद्यातून हात बाहेर काढायचा, डॉक्टरने नाडी पाहायची आणि बाकीचे सासूने किंवा नवऱ्याने सांगायचे. नाडीवरून ताप कळेल, पण पोटात मूल आडवे आहे की नाही हे कसे कळणार? स्तनातली गाठ, अंगावरून जाणे, बाळंतपणानंतर बाहेर येणारे अंग, यांतले काहीच पडद्याबाहेर येत नसे. डॉक्टर गावात असूनही बाईपुरता तो नव्हताच.

बाळंतपण सुईणीच्या हाती असे. अनुभवी सुईणी पुष्कळ होत्या, पण हात स्वच्छ धुण्याची आणि हत्यार उकळण्याची गरज तेव्हा त्यांना कोणी शिकविली नव्हती. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सर्वांत अंधारी खोली. खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, धुरी. नाळ हाताला लागेल त्या धारेने कापायची. मग बाळाला धनुर्वात आणि आईला बाळंतज्वर. हे सगळे नशिबाच्या नाहीतर सटवाईच्या खात्यावर लिहिले जाई.

आपल्या आनंदीबाई जोशी याच कारणासाठी अमेरिकेला गेल्या होत्या. त्यांचे स्वतःचे पहिले मूल दहा दिवसांत गेले होते. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अजून बावीसही पुरी झालेली नसताना, पुण्यात क्षयाने गेल्या. त्याच्या पुढच्याच आठवड्यात रखमाबाईंना तुरुंगाची अट घालणारा हुकूम झाला.

मुंबईत मात्र एक दार उघडले होते. जॉर्ज किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी बायकांच्या औषधोपचारासाठी निधी जमविला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी देणगी दिली आणि १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झाले. रोगी बायका-मुले आणि डॉक्टरही बायकाच. तिथल्या मुख्य होत्या इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची. पीचींनी स्वतः एडिंबराला वैद्यक शिकायचा प्रयत्न केला, तेव्हा बाई म्हणून पदवी नाकारली गेली आणि शेवटी स्वित्झर्लंडमधून ती घ्यावी लागली. म्हणजे रोगी बाई असली तर डॉक्टर मिळत नसे, आणि डॉक्टर व्हायला निघालेली बाई असली तर पदवी मिळत नसे. पीचींनी रखमाबाईंना धीर दिला आणि पैसे उभे करायला मदत केली. इंदूरच्या होळकर महाराजांनीही ५०० रुपये दिले.

१८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले आणि रॉयल फ्री हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम शिकल्या. १८९४ साली स्कॉटलंडच्या वैद्यक कॉलेजांची परवाना-परीक्षा त्यांनी दिली आणि ब्रसेल्सहून एम. डी. झाल्या.

त्या तिकडे शिकत असतानाच इकडे एक मोठी घटना घडली. १८९० साली बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संगाने झालेल्या जखमांनी मेली. कायद्याने संमतीचे वय दहा होते, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. तेव्हा हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी सरकारकडे अर्ज केला. त्यात आपल्या दवाखान्यांत पाहिलेल्या अशा लहान मुलींच्या जखमांची, लुळेपणाची आणि मृत्यूंची यादी होती. ही यादी पुरुष डॉक्टर देऊच शकले नसते, कारण त्या मुली त्यांच्यापुढे कधी आल्याच नव्हत्या. १८९१ साली संमतीचे वय दहावरून बारा झाले. रखमाबाईंच्या खटल्याने पेटलेला वाद त्या कायद्यापर्यंत पोहोचला, पण निकाल लावण्याइतका पुरावा आला तो बायकांच्या दवाखान्यांतून.

परत आल्यावर रखमाबाईंनी थोडे दिवस कामा हॉस्पिटलात काम केले आणि मग सुरतच्या बायकांच्या दवाखान्याचा कारभार हाती घेतला. वय तिशीचे, एकटी बाई, मुलुख गुजराती आणि पाठीमागे खटल्याचा गाजावाजा. नवरा सोडलेली बाई म्हणून ज्यांनी नाके मुरडली, त्यांच्याच लेकी-सुनांना त्यांच्याकडे यावे लागणार होते.

दोनच वर्षांत प्लेग आला. प्लेगात गाठ कुठे येते? जांघेत, काखेत. म्हणजे रोग ओळखायचा तर बाईच्या नेमक्या त्या जागा तपासायच्या, जिथे परक्याची नजरही चालत नव्हती. पुण्यात १८९७ साली गोरे सोल्जर घराघरांत शिरले, बायकांच्या तपासणीवरून लोक खवळले आणि जूनमध्ये रँडचा वध झाला. तो इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. पण त्यातला वैद्यकाचा भाग आपल्या लक्षात राहत नाही. साथ खरी होती आणि तपासणीही लागणारच होती. चूक झाली ती बाईला कोणी तपासायचे आणि कसे, याचा विचार न केल्याने. जिथे तपासणारी बाई होती, तिथे तेच काम अपमान न करता होऊ शकत होते. रखमाबाईंनी प्लेगात केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले.

१९०४ साली दादाजी वारले. रखमाबाईंनी तेव्हापासून विधवेचे पांढरे वस्त्र घेतले. जे लग्न नाकारण्यासाठी त्या तुरुंगात जायला तयार होत्या, त्याचे हे चिन्ह त्यांनी का घेतले असेल यावर अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. मला एवढेच वाटते की त्यांचे भांडण माणसाशी नव्हते, जबरदस्तीशी होते.

सुरतेत वीस वर्षांहून जास्त काढल्यावर १९१८ मध्ये त्यांना सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेत घेण्याची तयारी होती. ती मोठी जागा न घेता त्या राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात गेल्या. संस्थानी काठियावाडात पडदा सुरतेपेक्षा कडक होता. तिथे त्यांनी निवृत्तीपर्यंत काम केले आणि रेडक्रॉसची शाखाही सुरू केली.

निवृत्तीच्या सुमारास, १९२९ साली, त्यांनी पडदा बंद व्हावा म्हणून इंग्रजीत एक पुस्तिका लिहिली. तरुण विधवांना समाजात वावरून काही काम करण्याची संधीच मिळत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जनाना हॉस्पिटल म्हणजे पडदा तसाच ठेवून आत औषध पोहोचविण्याची सोय. ती सोय त्यांनी जन्मभर चालविली आणि शेवटी पडदाच नको म्हणून सांगितले. वैद्यकही त्याच सुमारास तेच म्हणू लागले होते. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली पडदा आणि मातृत्व यांवर पुस्तक लिहिले. ऊन न मिळाल्याने शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, हाडे मऊ पडतात, कटीचे हाड दबून वाट अरुंद होते आणि मूल अडते. म्हणजे ज्या पडद्यामुळे अडलेल्या बाईपर्यंत डॉक्टर पोहोचत नव्हता, तोच पडदा तिला अडवायलाही कारण होत होता.

आपल्या बडोद्याचे नाव इथे अभिमानाने घेतले पाहिजे. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहाला बंदी करणारा कायदा केला आणि १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. साऱ्या देशासाठी असा कायदा झाला तो मे १९५५ मध्ये. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई मुंबईत वारल्या, वयाच्या ९१व्या वर्षी.

मी सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करतो, म्हणून शेवटी थोडे आजचे. आता डॉक्टर बायका भरपूर आहेत. तरी आजही खिडकीवर नवरा केसपेपर घेऊन उभा असतो आणि बाई मागे बाकावर बसलेली असते. काय होते म्हणून विचारले तर त्याला सांगता येत नाही, बायकांचे काहीतरी आहे एवढेच तो म्हणतो. दिवस गेले आहेत का, अंगावर पाजते का, हे विचारल्याशिवाय कितीतरी गोळ्या देऊ नयेत अशा असतात. म्हणून मी बाईलाच खिडकीशी बोलावतो. ती आधी नवऱ्याकडे पाहते, मग हळू आवाजात सांगते. कधीकधी त्या एका उत्तराने सिस्टरना सांगून केसपेपर परत डॉक्टरांकडे पाठवावा लागतो.

आणि आता वैद्यकालाही कळू लागले आहे की बाईचे शरीर म्हणजे लहान मापाचा पुरुष नव्हे. झोल्पिडेम नावाच्या झोपेच्या गोळीची बायकांसाठीची मात्रा अमेरिकेत २०१३ साली १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली, कारण बायकांच्या रक्तात ते औषध सकाळपर्यंत जास्त उरते असे दिसले. औषध त्याआधी वीस वर्षे विकले जात होते. हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येते हे सर्वांना माहीत आहे. बायकांनाही ती येते, पण पुष्कळदा दम लागणे, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे, कमालीचा थकवा हेच पुढे असते. घरात मग ॲसिडिटी म्हणून सोडा दिला जातो आणि वेळ जातो.

म्हणून एक विनंती. आपले मंडळ उत्सवात आरोग्य तपासणी ठेवते तेव्हा एक स्त्री-डॉक्टर आणि आडोसा असलेली एक खोली नक्की ठेवू या. आणि घरातल्या आईला, काकूला, वहिनीला तिथपर्यंत नेल्यावर आपण पुरुषांनी बाहेर थांबावे. तिचे दुखणे तिला सांगू द्यावे.